मुरवणीचा तास

"नाही करणार सही! काय करायचं ते करा!"

इंद्रजितनं टेबलावर अशी मूठ हाणली की काचेखालचा गणपतीचा फोटोसुद्धा हलला. शिरगुप्पे सर मात्र हलले नाहीत. हेडमास्तर माणूस, समोर दहावीतलं पोरगं टेबल बडवतंय, आणि हे शांतपणे पेनाचं टोपण काढत होते.

"झालं? बस आता," सर म्हणाले. "हे बघ, सतरा नंबरचा फॉर्म भरला म्हणून आभाळ कोसळत नाही. परीक्षा तीच, पेपर तेच. फक्त शाळेच्या नावावर नाही, खासगी. बाहेरून. हजारो पोरं देतात."

"मग तुमच्या पोराला लावा की द्यायला बाहेरून!"

"इंद्रजित."

"खासगीवाल्याला पॉलिटेक्निकच्या नियमित कोट्यात घेत नाहीत, सर. आणि सही केली की जानेवारीत तुम्ही कानामागची टिकली काढून घेता. आठवीपासून टिकलीवर शिकवलंत. आता म्हणता, जा, घरी बसून पाठ कर. पाठ कसं करतात ते तरी कुठं माहीत आहे आम्हाला?"

"मशीननं काढलेला तुझा मार्कांचा अंदाज एकतीस आहे, बाळा. पस्तीसला पास. मशीन काही तुझं वैरी नाही."

खिडकीतून गेटवरची पाटी दिसत होती. कै. आप्पासाहेब ढवळे हायस्कूल, सलग चौदा वर्षे दहावीचा निकाल शंभर टक्के. बाकीची पाटी जुनाट, 'चौदा' तेवढं ताज्या रंगाचं.

"पाटी रंगवायची असते तुम्हाला," इंद्रजित म्हणाला. "नापास होणारं पोरगं बाहेर काढलं की झालं शंभर टक्के. मीपण देईन असा निकाल."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. जाड पुठ्ठ्याची वही, वर कव्हर घातलेलं. मग म्हणाले, "जा वर्गात."

इंद्रजित चिडका होता, आंधळा नव्हता. दारापर्यंत गेल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी खुपलं. तो ऑफिसात शिरला तेव्हा पाण्याचा भरलेला ग्लास सरांच्या समोर होता. बोलणं सुरू झालं आणि सरांनी तो हळूच कपाटाच्या बाजूला सरकवला. मूठ पडायच्या आधी. मूठ पडणार हे ज्याला माहीत आहे तोच माणूस असा ग्लास सरकवतो.

बाहेर स्टुलावर गोरखमामा बसले होते. शाळेचे शिपाई, सत्तावीस वर्षं हीच घंटा वाजवत आलेले. त्यांच्या हातात ओला पिळलेला पंचा होता.

"घे. गुंडाळ हाताला."

इंद्रजितनं पंच्याकडे बघितलं, मग मामांकडे.

"तुम्हाला काय माहीत मी हात आपटणार ते?"

"आवाज आला की."

"आवाज आत्ता आला. पंचा भिजवून, पिळून बसला होतात तुम्ही."

मामांनी मान खाली घातली. चोरी सापडल्यावर म्हातारी माणसं अशीच चपलेकडं बघतात.

"मामा. बोला."

"लेकरा, आजचा अकरावा दिवस हाय."

"कशाचा?"

"ह्याचाच. रोज दुसऱ्या तासाला सर तुला बोलावत्यात. रोज फॉर्म पुढं ठेवत्यात. रोज तू न्हाई म्हणतोस आणि हात आपटतोस. पहिल्या दिवशी पाणी सांडलं टेबलभर, फाइली भिजल्या. तवापासनं ग्लास बाजूला ठेवत्यात."

इंद्रजितला हसू आलं. मग गेलं. काल रात्री आईनं त्याच्या हाताला हळद लावली होती. बोटांची हाडं सुजली होती, आणि कशानं ते काही केल्या आठवत नव्हतं. बेंच लागला असेल, आई म्हणाली होती.

---

मुरवण म्हणजे काय हे ह्या गावात आता पहिलीतलं पोरही सांगतं, तरी एकदा सांगायलाच पाहिजे.

माणूस काही शिकला की ते लगेच डोक्यात पक्कं बसत नाही. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानाच्या सरळ रेषेत, एक वाकडी गाठ असते. दिवसभराचं सगळं आधी तिथं सैल पडून राहतं. मग माणूस निवांत बसला, डुलकी लागली, की मेंदू त्यातलं थोडं थोडं स्वतःशीच परत चालवून बघतो. एका सेकंदात दहादा. जे परत चालवलं ते पक्कं झालं, जे राहिलं ते गेलं. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की शिकताना एखादा आवाज कानावर पडत असेल आणि विश्रांतीत तोच आवाज परत ऐकवला, तर मेंदू नेमकं तेच परत चालवायला घेतो.

टिकली म्हणजे ह्याचंच यंत्र. कानाच्या मागं चिकटवायची, कातडीच्या रंगाची, रुपयाएवढी. प्रत्येक विषयाची एक धून असते. तास चालू असताना टिकली ती धून हाडातून हळू वाजवते, इतकी हळू की पोरांना आता ती ऐकूच येत नाही. संध्याकाळी साडेचारला मुरवण. वीस मिनिटं सगळ्यांनी बेंचवर डोकं टेकायचं. टिकली मेंदूला गुंगीत नेते, दिवसभराच्या धुना एकामागून एक वाजवते, धडे पक्के होतात.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण पहिल्या वर्षी बघितलं तर पोरांचे मेंदू वीस मिनिटांत धडे कमी आणि बाकीचंच जास्त घोळवत होते. मधल्या सुट्टीतली मारामारी. कुणी कुणाकडं बघितलं. बाईंनी केलेला अपमान. मग टिकलीत दुसरं काम घातलं. ज्याला धून नाही ते दाबायचं, बारीक करंट देऊन. संमतीपत्रावर तसं लिहिलंय, 'दिवसभरातील किरकोळ प्रसंग पुसट होऊ शकतात.' त्याच्याच खाली आहे, 'वैद्यकीय दाखल्याशिवाय मुरवण चुकवल्यास विद्यार्थी त्या दिवसापासून आपोआप खासगी समजला जाईल.' सगळ्या आईबापांनी सही केली. निकाल वर गेले. आणि पोरं घरी येऊन शाळेतलं काहीच सांगेनाशी झाली, तरी कुणाला वेगळं वाटलं नाही. कारण दहावीतल्या पोराला आज शाळेत काय झालं विचारलं, तर ते आधीपासूनच 'काय नाय' म्हणत होतं.

शाळेच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. पोरांना काल काय झालं ते आठवत नाही. मास्तरांना आठवतं.

---

"पहिल्या दिवशी सर रागावून बोलले," गोरखमामा सांगत होते. दोघं पाण्याच्या टाकीमागं उभे होते. "दुसऱ्या दिवशी गोडीनं. तिसऱ्या दिवशी पेढा ठेवलावता. मग तुझ्या वडलांचं नाव काढलं, तवा तू खुर्ची पाडलीस. ते सगळं वहीत हाय. काय बोलल्यावर तू किती येळ गप बसलास, तेबी."

"आणि मी? मी काहीच करत नव्हतो? दहा दिवस?"

मामा पुन्हा चपलेकडं बघायला लागले.

"करतोस की. रोज इथं येतोस. रोज म्हणतोस, मामा, उद्या सकाळी गेटवर मला सांगा, तुमच्या पाया पडतो. मी हो म्हणतो." त्यांनी नाक पुसलं. "आणि सांगत न्हाई. आठ म्हैनं राहिल्यात माझ्या पेन्शनीला. सकाळी तू गेटातनं येतोस, राम राम मामा म्हणतोस, हसतोस. मला वाटतं, आज राहू दे."

इंद्रजितची मूठ परत वळली. पण म्हाताऱ्याला काय मारणार. आणि मारलं तरी उद्या ते म्हाताऱ्यालाच आठवणार.

"मग आज का सांगितलंत?"

"आज शेवटच्या तासाला तुझ्या आईला बोलावलंय."

ते ऐकून पोरगं जरा सैल झालं. आई आली तर बरंच. आई गारमेंटमध्ये कॉलर शिवते. दिवसाला चारशे कॉलर, सुपरवायझरशी भांडून रजा घेते, कुणाच्या बापाला भीत नाही. सरांनी आपल्या हातानं धोंडा पायावर मारून घेतलाय, त्याला वाटलं. त्याला एवढंच करायचं होतं, आज जे कळलं ते साडेचारच्या पलीकडं न्यायचं. उद्या दुसऱ्या तासाला ऑफिसात शिरताना त्याला माहीत पाहिजे की हा बारावा दिवस आहे. ज्याला माहीत आहे त्याला गंडवता येत नाही.

पण न्यायचं कसं? हातावर लिहिलं तर मुरवणीच्या आधी बाई स्पिरिटचा बोळा फिरवतात, कॉपीवाल्यांसाठी काढलेली पद्धत. वह्या शाळेतच राहतात. दप्तर तपासून सोडतात.

मधल्या सुट्टीत त्यानं मुजम्मिलला गाठलं. मुजम्मिल बागवान पाचवीपासून त्याच्या शेजारी बसतो. म्हणजे टिकलीच्या आधीची मैत्री. ती दोघांनाही आठवते, म्हणून टिकली आहे.

मुजम्मिलनं सगळं ऐकून घेतलं. डबा खाणं काही थांबवलं नाही.

"अकरा दिवस? भावा, अकरा दिवस तू एकाच माणसाला तेच तेच बोलतोयस. सरांना कंटाळा कसा येत नाही?"

"मुज्या, कानफटात देईन."

"दे. उद्या कुठं आठवणार आहे."

मग तो अचानक चावायचा थांबला.

"थांब, थांब. पायथागोरस म्हटलं की मला काय आठवतं माहीत आहे? केळं."

"काय?"

"देवाशप्पथ. कर्ण म्हटलं की केळं. नववीत भूमितीच्या तासाला तू मला चावट जोक सांगितलावतास, आमच्या गाड्यावरच्या केळ्यांचा. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलो, जोक ऱ्हायला. का? तर धून चालू होती. मशीनला काय कळतंय प्रमेय कुठलं आणि केळं कुठलं? धून वाजताना जे डोक्यात, ते मुरतं."

इंद्रजित त्याच्याकडं बघतच राहिला. वर्गात खालून तिसरा येणारा हा पोरगा. शास्त्रज्ञांनी तीन वर्षांत जे बघितलं नाही, ते ह्यानं केळ्यावरून काढलं होतं.

"म्हणजे तासाला धडा ऐकायचाच नाही. हेच घोकायचं."

"हां. पण एकदा म्हणून चालणार नाही. तासभर. पाढ्यासारखं. माझी आजी म्हणायची तसं, हेल काढून."

"तूपण म्हण. दोघांच्या डोक्यात राहिलं तर पक्कं."

मुजम्मिलनं डब्याचं झाकण लावलं. जरा जास्तच नीट लावलं.

"माझा अंदाज छत्तीस आहे, भावा. पस्तीसला पास. एक तास गेला की मी चौतीसवर. मला नको सांगू हे."

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

---

पाचवा तास भूगोलाचा. खोतबाई ब्राझीलचा नकाशा लावून उभ्या राहिल्या. इंद्रजितनं डोळे नकाशावर ठेवले आणि ओठ न हलवता सुरू केलं. अकराचाच पाढा घेतला, कारण दिवस अकरावा होता.

अकरा एके अकरा, सही मागतात मला.

अकरा दुणे बावीस, रोज नाही म्हणतो.

अकरा त्रिक तेहेतीस, गोरखमामाला विचार.

परत. परत. ॲमेझॉन वाहत होती, रबराची झाडं येत होती, जात होती. शंभर वेळा झालं असेल. पाढ्याची एक गंमत असते, पन्नाशीनंतर तो आपण म्हणत नाही, तोच आपल्याला म्हणतो. बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक पोराचा एक ठिपका असतो. शिकणाऱ्याचा हिरवा, भटकणाऱ्याचा लाल. इंद्रजितचा ठिपका तीन वर्षांत क्वचितच हिरवा झाला असेल.

"इंद्रजित मगदूम!" बाई एकदम म्हणाल्या. त्यानं पाढा अर्ध्यात थांबवला. "शाब्बास रे! बघा सगळ्यांनी. चाळीस मिनिटं झाली, पोरगा एकदम हिरवागार. असं लक्ष पाहिजे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुजम्मिलनं जरा जास्तच वाजवल्या, दात काढत.

सहाव्या तासाला त्यानं पाढा सोडून हिशोब लावला. अकरा दिवसांपूर्वी आपला अंदाज किती होता? दिवाळीआधी आईच्या मोबाइलवर आलेला सदतीस त्याला आठवत होता. घरचं होतं ते, म्हणून आठवत होतं. आता एकतीस. मधे असं काय झालं? अभ्यास तोच, तास तेच. रोज सकाळी एक भांडण तेवढं वाढलं. आणि भांडण काय साधं असतं? ज्यानं अंगाचा तिळपापड झाला ते मेंदू सोडत नाही, वीस मिनिटं तेच घोळवत बसतो. टिकली ते दाबत बसते आणि धडे तसेच राहतात. म्हणजे अंदाज कमी म्हणून सर त्याला बोलावत नव्हते. सर बोलावत होते म्हणून अंदाज कमी होत होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

---

शेवटच्या तासाला, विज्ञानाची धून सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, मामा दारात आले. "मगदूम. ऑफिसात."

आई सरांसमोरच्या खुर्चीवर बसली होती. कामावरूनच आलेली, ओढणीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. टेबलावर चहा होता, तिनं अर्धा प्यायलेला. ग्लास कपाटाजवळ होता.

"आई, ह्यांनी तुला काय सांगितलं? ऐक, आज अकरावा दिवस आहे. हे रोज..."

"माहीत हाय मला."

"नाही, ऐक तर. हे रोज बोलावतात आणि मुरवणीत मी..."

"इंद्या. माहीत हाय." आईनं चहाचा कप बशीत ठेवला. "पहिल्या दिवसापासनं. रोज संध्याकाळी सरांचा फोन येतोय."

सरांनी खिडकीकडं तोंड केलं. एवढी लाज त्यांना होती.

इंद्रजितनं सुजलेल्या हाताकडं बघितलं. काल रात्रीची हळद. बेंच लागला असंल.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू घरी येतोस, दप्तर टाकतोस, आई भूक लागली म्हणतोस. हसतोस. तुझा बाप गेल्यापासनं घरात दोन वर्षं कोण हसलं नव्हतं. ह्या मुरवणीनं तेवढं केलं बघ. फोन येतो तवा मी आत रडून घेते. मग बाहेर येऊन तुला वाढते. तुला कशाला दोघांचं रडू?"

"माझं आहे ते! माझं रडू आहे!"

"ओरडू नको. कर सही, बाळा. सर म्हणत्यात, सही केलीस तर मार्चपर्यंत टिकली ठेवू देतील. त्यांच्या अंगावर घेऊन. न्हाई केलीस तर पूर्वपरीक्षेत नापास दाखवून काढतील. मग ना टिकली, ना फॉर्म. मी सगळ्या बाजूंनी बघितलंय."

"मी नाही करणार."

"मग मी उद्या परत येते." आईचा आवाज चढला नाही, दमला. "परवा येते. अर्धी रजा कापून रोज येते. तुला उद्या आठवणार न्हाई, मला आठवंल. तू रोज नव्यानं चिडायचंस, मी रोज शिळीच. मला किती दिवस हिथं आणणार हायस, इंद्या?"

खिडकीकडं तोंड असूनही सरांनी वही जवळ ओढली आणि हे लिहून घेतलं.

इंद्रजितला मूठ आपटावीशी वाटली नाही. पहिल्यांदाच. तो नुसता टेबलाकडं बघत होता. सरांनी वही ओढली तेव्हा खालचे भरलेले फॉर्म पंख्यासारखे पसरले होते. चार-पाच असतील. वरून दुसऱ्यावर एक सही होती, शेवटच्या अक्षराची शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. अशी सही शाळेत एकटा मुजम्मिल करतो. पाचवीपासून. खाली तारीख होती, गेल्या मंगळवारची.

"हा तर छत्तीस आहे," इंद्रजित म्हणाला.

सरांनी फॉर्म सारखे केले. "चाळीसच्या आतला सगळा धोकाच असतो रे. यंत्र तीन-चार मार्कांनी चुकतं. शंभर टक्क्यांचं हे पंधरावं वर्ष आहे. एक टक्का जरी घसरलो तर अनुदान अडतं, सहा शिक्षक घरी बसतात. त्यांनाही पोरं आहेत." मग आईकडं वळून म्हणाले, "ताई, पालकांचा रकाना तुम्ही भरून ठेवा. त्याचं बघू उद्या."

आईनं पेन घेतलं.

---

तो वर्गात आला तेव्हा धून संपायला दहा मिनिटं होती. मुजम्मिल मन लावून फळ्यावरचं उतरून घेत होता. जीभ दातात, कपाळावर घाम. एकेक मार्क राखत होता बिचारा. जी परीक्षा तो आता ह्या शाळेतून देणारच नव्हता, तिचा.

"काय झालं?" तो कुजबुजला. "आली का आई? झापलं का सरांना?"

"हां," इंद्रजित म्हणाला. "झापलं."

"वाघीण आहे लेका तुझी आई."

दहा मिनिटं होती. एक ओळ वाढवायला पुष्कळ झाली. भूगोलात तीन पेरल्या होत्या, विज्ञानात चौथी टाकायची. अकरा चोक चव्वेचाळीस. तो तिथपर्यंत यायचा आणि थांबायचा. ओळ टाकली नाही तर उद्या त्याला सरांचं आठवेल, मामांचं आठवेल आणि आईचं आठवणार नाही. उद्या तो घरी धावत जाईल, आई, हे बघ ह्यांनी काय चालवलंय, म्हणेल. आई तव्याकडं बघत म्हणेल, अगंबाई, असं का? त्याला ते खरं वाटेल. ओळ टाकली तर तिनं वाढलेल्या प्रत्येक भाकरीशी ती ओळ येईल. पाढ्यासारखी. पाढा काही समजून घेत नाही. आज तिचे डोळे कसे लाल होते, ओढणीला दोरे कसे चिकटले होते, ती 'मी रोज शिळीच' म्हणाली तेव्हा आवाज कसा गेला, हे पाढ्यात बसत नाही. पाढ्यात एवढंच बसतं, की आईला माहीत होतं.

अकरा चोक चव्वेचाळीस.

घंटा झाली.

पडदे ओढले. खोतबाई स्पिरिटचा बोळा घेऊन रांगांतून फिरल्या. इंद्रजितचा सुजलेला हात त्यांनी उलटासुलटा करून बघितला, पुसला, पुढं गेल्या. विचारलं काही नाही. त्यांनीही तो अकरा दिवस पुसला असणार. पोरांनी डोकी टेकली. साठ डोकी, सगळी डाव्या कुशीवर, उजव्या कानामागं साठ टिकल्या.

एक पडदा नीट ओढला गेला नव्हता. फटीतून गेट दिसत होतं. आई बाहेर पडत होती. गोरखमामा तिला काहीतरी म्हणाले, तिनं नुसता हात हलवला. मग ती रस्त्याच्या कडेनं चालायला लागली, सावकाश, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडवरून. अर्धी रजा असून घरी जायची घाई नसलेल्या माणसासारखी.

इंद्रजितनं कानामागं नख घातलं. टिकली दोन केस उपटून निघाली.

"ए मगदूम!" बाई कुजबुजल्या. "चिकटव ती. दोन मिनिटांत चालू होणार."

तो उठून उभा राहिला. बेंचचा आवाज झाला. दारात शिरगुप्पे सर होते, वही काखेत. त्यांनी त्याच्या हातातली टिकली बघितली. मग काखेतली वही हातात घेतली, पण उघडली नाही.

"आत्ता बाहेर पडलास तर सहीची गरजच उरत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग कशाला? बस. उद्या बोलू शांतपणे."

मुजम्मिलनं डोकं न उचलता एक डोळा उघडला. "बस की भावा खाली," तो पुटपुटला, अर्धा झोपेत. "उद्या काय आठवणार आहे?"

इंद्रजितनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गंजी घामानं ओली होती. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण मुज्याचा डोळा मिटला, धून चालू झाली होती. त्यानं टिकली बाईंच्या टेबलावर ठेवली, नीट, उलटी.

"कुठं निघालास?" सरांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात अडवणं नव्हतं, नुसती चौकशी होती. काम झालेल्या माणसाची.

"आई कोपऱ्यापर्यंत पोचली असेल," तो म्हणाला. "भांडण अर्धं राहिलंय आमचं. दोघांना आठवतंय तोवर करायला पाहिजे. सरका सर, मला निघायचंय आता."